सही करणारा हात

सप्टेंबर १८३३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी आपल्याच अर्थमंत्र्याला घरी पाठवले. विल्यम डुआन यांचा अपराध एवढाच, की बँक ऑफ द युनायटेड स्टेट्समध्ये सरकारी पैसा ठेवणे बंद करण्याच्या हुकमावर सही करायला ते तयार होईनात. बँकेच्या १८१६ च्या सनदेनुसार हा निर्णय अर्थमंत्र्याचा होता आणि त्याची कारणे त्याने काँग्रेसला कळवायची होती. जॅक्सननी सनदेला हात लावला नाही, मंत्री बदलला. नवे अर्थमंत्री रॉजर टॉनी यांनी काही दिवसांतच हवा तो हुकूम काढला. राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेचा गैरवापर म्हटला की वॉटरगेटची घरफोडी आठवते, पण माझ्या मते जुना आणि चिवट प्रकार हाच आहे. कायद्याने ज्याच्याकडे निर्णय सोपवला त्याला हटवायचे, आणि सही करणारा हात सापडेपर्यंत हटवत राहायचे.

जॅक्सनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १८३२ ची निवडणूक त्यांनी याच बँकेच्या प्रश्नावर गाजवून जिंकली होती. मंत्री राष्ट्राध्यक्षाने नेमलेला, तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्षाचेच ऐकावे, हा त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. पण लोकांचा कौल पाठीशी होता, तर तो घेऊन काँग्रेसकडे जायचे आणि सनद दुरुस्त करून घ्यायची, ही वाट मोकळी होती. ती लांबची होती, हाच काय तो तिचा दोष. मार्च १८३४ मध्ये सेनेटने त्यांच्यावर ठपका ठेवला. पुढे बहुमत फिरले आणि जानेवारी १८३७ मध्ये सेनेटच्या हस्तलिखित इतिवृत्तात त्या नोंदीभोवती काळ्या शाईच्या जाड रेघा ओढून, सेनेटच्या आदेशाने ती रद्द केल्याचा शेरा तिच्यावरच मारण्यात आला. पान मात्र कोणी फाडले नाही.

२० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी रात्री राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी हाच मार्ग धरला. वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणारे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफिती मागत होते, आणि त्या न्यायाधीशापुढे ठेवण्याचा हुकूम अपील कोर्टाने आठच दिवसांपूर्वी कायम केला होता. कॉक्सना काढा, असे न्याय खात्याचे प्रमुख, ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांना सांगण्यात आले. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या खालोखालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला, तेही गेले. तिसरे रॉबर्ट बोर्क, सॉलिसिटर जनरल. त्यांनी काम करून टाकले. सगळे खापर बोर्क यांच्या माथी फोडणे योग्य नाही, कारण तुम्ही तरी जाऊ नका, नाहीतर खाते ओस पडेल, अशी गळ रिचर्डसन यांनीच त्यांना घातली होती. खरा आक्षेप वेगळाच आहे. सरकारी वकील हा कार्यकारी यंत्रणेचा माणूस आणि त्या यंत्रणेचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष. त्याने हाताखालच्या माणसाला काढले, यात बेकायदा ते काय?

उत्तर न्याय खात्याच्याच एका नियमात आहे. अत्यंत गंभीर गैरवर्तनाखेरीज विशेष वकिलाला काढता येणार नाही, असे खात्याने कॉक्सच्या नेमणुकीच्या वेळी लिहून दिले होते. नियम खात्याचा, तो मागे घ्यायचा अधिकारही खात्याचाच. परंतु शनिवारी रात्री तो कोणी मागे घेतलेला नव्हता. तो रद्द झाला मंगळवारी, कॉक्स गेल्यानंतर. न्यायाधीश गर्हार्ड गेसेल यांनी नोव्हेंबरात बडतर्फी बेकायदा ठरवली ती याच मुद्द्यावर. २४ जुलै १९७४ रोजी सुप्रीम कोर्टाने ८-० मतांनी ध्वनिफिती देण्यास फर्मावले, तेव्हाही नियम अमलात आहे तोवर तो सरकारला बांधतो, हे तत्त्व निकालाचा एक आधार होते. बदलायचा अधिकार आहे म्हणून मोडायची मुभा मिळत नाही.

अखेर कायदाच जिंकला ना, मग तक्रार कसली, असेही विचारले जाते. ऑगस्टमध्ये निक्सन पायउतार झाले हे खरे. पण ज्या फितींनी त्यांना घालवले, त्या त्यांनीच ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या, आणि असे आयते पुरावे ठेवणारे राष्ट्राध्यक्ष वारंवार लाभत नाहीत. कॉक्सना पद परत मिळाले नाही. गेसेल यांचा निकालही, आता त्या वादात काही उरले नाही म्हणून, अपिलात रद्दबातल झाला. १९७८ मध्ये काँग्रेसने विशेष वकिलाला खास कायद्याचे संरक्षण दिले; त्याच कायद्याखाली नेमलेले केनेथ स्टार यांनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची चौकशी केल्यानंतर मात्र ते दोन्ही पक्षांना नकोसे झाले. १९९९ मध्ये कायद्याची मुदत संपली, ती काँग्रेसने वाढवली नाही. त्याच्या जागी न्याय खात्याने पुन्हा स्वतःचाच एक नियम केला. सबळ कारणाशिवाय विशेष वकिलाला काढता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे, आणि खात्याला तो कधीही मागे घेता येतो.