वरच्या वावरातलं रिसॉर्ट

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आत्या, एक सही पाहिजे होती. घाई नाही, पण या महिन्यात झाली तर बरं."

"कसली रे?"

"हक्कसोड पत्रावर. आपल्या वरच्या वावराची."

कोयनेच्या काठावर, तापोळ्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. नातेवाईकांना ठाऊकच आहे, इतरांना कळून उपयोग नाही. वडील गेल्यावर त्या वावराच्या सात-बारावर भावाच्या बरोबरीने माझंही नाव लागलं. ते तिथं आहे हे मी जवळजवळ विसरूनच गेले होते. आता पुण्याची एक पार्टी आली आहे. तिथं 'नेचर स्टे' की कायसं काढायचंय. आठ कॉटेजेस, एक जेवणाचा हॉल आणि पोहण्याचा तलाव, ज्याचं पाणी थेट धरणाच्या पाण्याला जाऊन मिळाल्यासारखं दिसेल. समोर पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय पसरलेला असताना पोहायला वेगळं तळं कशाला, हे मला कळलं नाही. पण मी जुन्या काळातली बाई. असो.

तेहतीस वर्षं इतिहास शिकवल्याचा एक तोटा असा, की साधा कागद पुढे आला तरी मागचे सगळे कागद आठवायला लागतात. त्या रात्री झोप लागेना. मग आमच्या भागाचा सगळा इतिहास डोळ्यांपुढून गेला. म्हटलं, लिहून काढावा. घरातल्या मुलांनाही कळेल, आत्या नुसती हट्टाला पेटलेली नाही.

महाबळेश्वर कुणी 'शोधलं' असं विचारलं की गाइड मंडळी १८२४ साल आणि कर्नल लॉडविकचं नाव सांगतात. साताऱ्याला असलेला हा इंग्रज अधिकारी रान तुडवत त्या कड्यावर पोचला, ज्याला आज लॉडविक पॉइंट म्हणतात. पुढे त्याच्या मुलाने तिथं स्मारकाचा खांब उभारला. वर्गात मी मुलांना विचारायची, "मग त्याच्याआधी कृष्णेच्या उगमाशी स्नानाला येत होते ते कोण होते?" मुलं हसायची. क्षेत्र महाबळेश्वर शेकडो वर्षं होतंच. पंचगंगेचं देऊळ होतं, यात्रा होत्या. जावळीच्या मोऱ्यांचं राज्य होतं, ते १६५६ साली शिवाजीमहाराजांनी घेतलं. सापडायला ते हरवलेलं नव्हतंच.

पण थंड हवेचं ठिकाण म्हणून जे उभं राहिलं, ते मात्र एका कागदावर. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी आणि स्वतःसाठीही उन्हाळ्यात थंड जागा हवी होती. डोंगर साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा. मे १८२९ मध्ये तह झाला. महाराजांनी महाबळेश्वर इंग्रजांना दिलं आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. एका गावाच्या बदल्यात एक डोंगर! महाराजांनी वर जायच्या रस्त्याला हातभार लावला, बाजारपेठ वसवायला मदत केली आणि त्या पेठेला नाव दिलं माल्कमपेठ. मोठ्या उमेदीचा, सुधारणेची आवड असलेला राजा. दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच कंपनी सरकारने त्यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. त्यांच्यानंतर आलेल्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला, ज्यात आज आपण पोराबाळांना घेऊन होडीत बसतो. १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं. तलाव राहिला.

डोंगराची नावंही बदलली. सगळ्यात उंच टेकाड सिंदोळा, त्याचा झाला विल्सन पॉइंट. नाके खिंडीचा झाला केट्स पॉइंट, म्हणे माल्कमच्या लेकीच्या नावावरून. आपण आता तीच नावं प्रेमाने सांगतो. मीही सहलीत मुलांना केट्स पॉइंटच म्हणायची. खोटं कशाला बोलू.

मला या साऱ्यात नेहमी दोन प्रकारच्या माणसांविषयी कुतूहल वाटत आलं आहे. एक म्हणजे चिनी कैदी. इंग्रजांनी पूर्वेकडच्या आपल्या वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी आणून इथं तुरुंगात ठेवले होते. रस्त्यांच्या कामावर त्यांना लावत, आणि फावल्या वेळात ते बागा करत. बटाटा आणि विलायती भाज्या साहेबाच्या टेबलावर पोचवण्यात त्यांचा मोठा हात. वेताच्या टोपल्यांची कलाही त्यांचीच म्हणतात. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. कुठल्या कुठली माणसं, आपल्या पावसात भिजत वाफे खणत होती. त्यांच्या नावाचा पॉइंट मात्र कुठं नाही.

दुसरे धावड. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं बोलता बोलता म्हणायची, "धावडांची भट्टी होती तिथं." हे लोखंड गाळणारे लोक. जांभ्यातलं खनिज आणि जंगलातला कोळसा यांवर त्यांचं पोट. वर साहेबांचे बंगले झाले, बंगल्यांना गर्द झाडी हवी, म्हणून जंगल राखलं जाऊ लागलं. कोळसा मिळेना, भट्ट्या विझल्या. डोंगरउतारावर कुमरी पद्धतीने नाचणी-वरी पिकवणाऱ्यांवरही बंधनं आली. जंगल राखलं हे चांगलंच झालं, नाहीतर आज काय उरलं असतं! पण राखलं कुणाच्या खर्चाने, तेवढं विचारून ठेवावं.

आता आमच्या घरचा कागद.

कोयना धरणाचं काम पन्नाशीच्या दशकात सुरू झालं. मी जन्मले १९५१ ला, म्हणजे धरण आणि मी बरोबरच वाढलो म्हणायला हरकत नाही. शंभराच्या आसपास गावं त्यात गेली. आमचं जुनं गाव नदीकाठी होतं, भाताची खाचरं होती, देवळापुढे दगडी दीपमाळ होती. वरचं वावर म्हणजे नुसतं वरकस. नाचणी, वरी, थोडं गवत. तिथं वस्ती करायचं कुणाच्या मनातही नसे. मग मोजणीवाले आले, साखळ्या ओढल्या, खुणा केल्या. आजोबांनी ताबेपावतीवर अंगठा दिला तेव्हा मी शेजारी बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, पण मला कुणी वाच म्हटलं नाही.

अर्धं गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेलं, ज्याला आता रायगड म्हणतात. माझी सख्खी चुलती तिकडे गेली ती परत आली नाही. आजोबा म्हणाले, पाणी काय डोंगरावर मागं येतंय का, आणि आमचं बिऱ्हाड वरच्या वावरात नेलं. १९६२ च्या सुमाराला पाणी चढत आलं. आधी खाचरं, मग देऊळ. कौलं आम्ही काढून नेली होती. दीपमाळ राहिली.

त्या पाण्यावर वीज झाली. आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पाणी बोगद्यांतून पश्चिमेला चिपळूणच्या अंगाला उतरतं आणि तिथं वीज तयार होते. महाराष्ट्राचे कारखाने त्यावर चालले, मुंबई उजळली. हे मी वर्गात अभिमानाने शिकवलं आहे आणि ते खरंच आहे. आमच्या वाडीत दिवा लागायला मात्र पुढची वीसेक वर्षं गेली. मधे १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला. मी तेव्हा शाळेसाठी मेढ्याला मामांकडे होते. उतरंडी कोसळल्याचा आवाज अजून कानात आहे.

पाण्याने रस्ते तुटले, बाजार तुटला. पुरुष मुंबईला गेले, माथाडीत, गोदीत, भाजी मार्केटात. भावानेही तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या आणि भाच्याला शिकवलं. १९८५ मध्ये पलीकडच्या किनाऱ्याच्या जंगलाचं अभयारण्य झालं, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. वासोट्याला जाणारी मुलं आता बामणोलीहून परवानगी काढून लाँचने जातात.

आणि मग कधीतरी हे पाणी सुंदर झालं. मला नेमकं साल सांगता येत नाही. आमच्यासाठी ते 'धरान' होतं, तिकडे पोरांना जाऊ देत नसत. एके दिवशी तापोळ्याच्या रस्त्यावर पाटी दिसली, 'मिनी काश्मीर'. (काश्मीर आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे वाद घालायलाही कुणी नव्हतं.) महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, तिथं बांधकामावर बंधनं आली, गर्दी मात्र वाढतच होती. ती मग उताराने खाली वाहत आली, पाण्यासारखीच. २०१२ मध्ये कासचं पठार जागतिक वारशात गेलं आणि फुलांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. शेवटी नोंदणी करून, ठरावीक माणसांनाच सोडायची वेळ आली. २०१९ साली सरकारने 'नवीन महाबळेश्वर' करायचं ठरवून २३५ गावांचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे दिलं. २०२४ मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालं. ज्या पाण्यात होडी बुडेल म्हणून आई ओरडायची, तिथं आता स्पीडबोटी फिरतात.

हे सगळं वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. भाच्याला मी फोनवर जरा तिखटच बोलले, तर तो म्हणाला, "आत्या, तू पेन्शनवर बोलतेस. बाबांची कंबर गेली. मला मुंबईत भाड्याची खोली परवडत नाही. गावात काय आहे? तुझा इतिहास?" मी गप्प झाले. त्याचं चुकलं नव्हतं. भिलारच्या लोकांनी स्ट्रॉबेरी केली, २०१७ मध्ये गाव पुस्तकांचं केलं, घराघरांत पाहुणे येतात, बायका चार पैसे कमावतात. मी स्वतः तिथं एका पडवीत बसून दुपारभर वाचत होते. पिठलं-भाकरी झाली, वर पैसे दिले, दोघांनाही संकोच वाटला नाही.

पण भिलारला घर त्यांचंच आहे. आमच्या कागदात तसं नाही. मी भाच्याकडून मसुदा मागवला. (त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, नातीने ते मोठे करून दिले.) आधी मी भावाच्या नावे हक्क सोडायचा, आणि मग भावाने पार्टीला खरेदीखत करून द्यायचं. सगळं वावर. भाच्याला तिथं 'मॅनेजर' म्हणून नोकरी, असं तोंडी ठरलं आहे. तोंडी! आमच्या आजोबांनाही बऱ्याच गोष्टी तोंडीच सांगितल्या होत्या.

आणि वावराच्या वरच्या कोपऱ्यात झरा आहे. गट नंबराच्या आतच येतो. दगडांचं छोटं कुंड आहे, आजोबांनी आणि चुलत्यांनी बांधलेलं. एप्रिल-मे मध्ये सगळ्या वाडीचे हंडे तिथं लागतात. पावसाळ्यात अंगावर येईल एवढं पाणी पडतं, खाली धरण आहे, तरी उन्हाळ्यात प्यायला तो एक झरा. जांभ्याचा डोंगर असाच, पाणी पोटात धरत नाही फार. आठ कॉटेजेस, त्यांचे शॉवर आणि तो तलाव कुठल्या पाण्यावर चालणार, हे मसुद्यात नाही. मी तीनदा वाचला.

भावाला फोन केला. तो आधी म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मेमध्ये पाणी खूप उतरलं होतं. दीपमाळेचा शेंडा दिसला. मी होडीने जाऊन आलो." त्याच्यापुढे दोघंही काही बोललो नाही.

काल ओळखीच्या वकिलांकडे जाऊन आले. विकण्याऐवजी भाडेकरार करता येतो, मुदत घालता येते. झऱ्याची जागा आणि तिथं जायची पायवाट मोजून वेगळी काढता येते. वाडीचा वापर लेखी नोंदवता येतो. चार खोल्या भाच्याने स्वतः काढायच्या म्हटल्या, तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात बसतं का ते पाहायला हवं. पार्टीला हे पटेल असं वकिलांना वाटत नाही. मलाही वाटत नाही. पार्टी दुसऱ्या कुणाचं वावर बघेल. शेजारच्या दोघांनी दिलंच आहे म्हणे. मग भाचा मला काय म्हणेल, ते मला ठाऊक आहे.

रविवारी तो येतोय. येताना तलाठ्याकडून गटाचा नकाशा घेऊन ये म्हटलंय, आणि बाबांनाही गाडीत घाल. कुंड नेमकं कुठं आहे हे आता आम्हा दोघांनाच नीट दाखवता येतं. पुरण घालणार आहे. कागद टेबलावर आहे, सही केलेली नाही.