सर्रा : एक परजीवी, अनेक जनावरे

डेरा इस्माईलखान येथे 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा एक एकपेशीय परजीवी दिसला. पुढे त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे नाव मिळाले. रोग मात्र त्याआधीपासून 'सर्रा' म्हणूनच ओळखीचा होता. परजीवी एकच असला, तरी घोड्यातला सर्रा आणि गाईतला सर्रा हे दोन वेगळे रोग वाटावेत, इतका त्यांच्यात फरक आहे.

घोड्याची अवस्था सर्वांत वाईट. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. कारण परजीवी अंगावरचे प्रथिनांचे आवरण सतत बदलत राहतो. शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावीत, तोवर नवे आवरण घातलेली फौज वाढलेली असते. रक्त कमी होते, पोटाखाली व पायांवर सूज येते, मागचे पाय लटपटतात. उपचार न झाल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घोडा दगावतो. कुत्र्याचेही तसेच, त्याच्या डोळ्यांचे बुबुळ दुधाळ होते. बाधित जनावराचे कच्चे मांस खाऊनही त्याला लागण होते.

उंट मात्र झिजत जातो. पाठीवरची मदार ओसरते, सांडणी गाभडते. हे दुखणे तीन-तीन वर्षे रेंगाळते, म्हणून त्याचे नाव 'तिबरसा'.

आपल्याकडील गाई-म्हशींत बहुधा काहीच दिसत नाही. फार तर दूध घटते. प्रवासाचा वा कामाचा ताण पडला, तर म्हैस एकाएकी गोल गोल फिरू लागते व कोसळते. शेळ्या-मेंढ्यांत रोग सहसा सौम्यच.

या सौम्यपणाला मी निरुपद्रवी म्हणणार नाही. टॅबॅनस ही मोठी चावरी माशी परजीवीची नुसती ने-आण करते. तिच्या पोटात परजीवी वाढत नाही. एका जनावराने शेपटीने हाकलली की तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तासह ती शेजारच्या जनावरावर बसते. म्हणजे रोगाचा साठा माशीत नसून गोठ्यातच आहे, आणि तो सहज दिसतही नाही. म्हशीच्या रक्तात परजीवी इतके विरळ असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बरेचदा स्वच्छच दिसते. मॉरिशसमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी सर्रा पोहोचला तो भारतातून नेलेल्या गुरांबरोबर.

माणूस मात्र सहसा वाचतो, कारण त्याच्या रक्तातले एपीओएल-1 हे प्रथिन या परजीवीला मारते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला लागण झाल्याची नोंद 2005 मध्ये प्रसिद्ध झाली; त्याच्या रक्तात नेमके हेच प्रथिन नसल्याचे पुढील तपासणीत आढळले. म्हशीच्या रक्तात परजीवी इतके विरळ असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बरेचदा स्वच्छच दिसते.