दाखल आणि खारीज

'दाखिला मिला?' असे हिंदी भाषक विचारतो तेव्हा कॉलेजात प्रवेश मिळाला का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. 'दाखला मिळाला का?' हा मराठी प्रश्न मात्र तहसील कचेरीतल्या कागदाविषयी असतो. शब्द एकच, पण बारावीचा निकाल लागला की मराठी घरात कागदाचा प्रश्न सुटल्याशिवाय प्रवेशाचा सुटत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. आत शिरणे आणि पुरावा देणे हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले, हे कोडे सोडवून पाहण्याजोगे आहे.

मूळ अरबी. द-ख-ल या धातूचा अर्थ आत शिरणे. 'दाखिल' म्हणजे आत आलेला, त्याच्या उलट 'खारिज' म्हणजे बाहेरचा. आपण 'दखल घेतो' तीही याच घरातली. फारसीच्या हाताने ही मंडळी दख्खनच्या दफ्तरांत आली. वसूल 'दाखल' झाला म्हणजे वहीत चढला. चढल्याबद्दल भरणाऱ्याच्या हाती जो कागद पडे तो 'दाखला' असावा. कागद हाती असला की तंटा मिटतो, म्हणून दाखला म्हणजे पुरावा. पुराव्यादाखल मागची घटना सांगता येते, म्हणून दाखला म्हणजे उदाहरण. गुजरातीत 'दाखलो' म्हणजे उदाहरण, आणि गणिताच्या वहीत सोडवायचे गणितही 'दाखलो'च. कन्नडात 'दाखले' म्हणजे नोंद, दस्तऐवज. हिंदी मात्र मुळाच्या जवळ, उंबरठ्यावरच थांबली. मराठीतला दाखला पुराव्याकडे इतका झुकला त्याला 'दाखवणे' हे क्रियापदही कारण झाले असावे. ते सर्वस्वी वेगळ्या कुळातले आहे, संस्कृत 'दृश्', प्राकृत 'दक्ख' या वाटेने आलेले. पण कानाला दोघे सख्खे वाटतात. जो दाखवायचा तो दाखला, ही व्युत्पत्ती चुकीची असली तरी शब्दाच्या अर्थाला तिने वळण दिलेले दिसते.

शाळा सोडल्याचा दाखला एकदा नीट वाचून पाहावा. नाव, आईचे नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, वर्तणूक, सोडताना कोणत्या इयत्तेत होता, सोडण्याचे कारण आणि शेवटी शेरा. 'शेरा' हा अरबी 'शर्ह' म्हणजे स्पष्टीकरण यावरून आलेला असावा. 'इयत्ता' शुद्ध संस्कृत: 'इयत्' म्हणजे एवढे, 'इयत्ता' म्हणजे एवढेपणा, मोजमाप. मूल कितवीत आहे हे सांगताना आपण नकळत 'याचे माप एवढे' असे म्हणत असतो. त्या एका कागदावर माप आहे आणि माप घेतले ते मूल कुठून आले हेही आहे. दोन्ही रकाने शेजारी असणे मला फार अर्थपूर्ण वाटते.

हा कागद ज्या वहीतून निघतो तिला शाळेत 'दाखल-खारीज रजिस्टर' म्हणतात. तिचा उतारा सरकारी भाषेत 'प्रवेश-निर्गम उतारा' होतो. अरबी जोडीला तंतोतंत संस्कृत जोडी मिळाली आहे. 'प्रवेश'मधला 'विश्' धातू आत जाणे आणि वस्ती करणे असे दोन्ही अर्थ बाळगतो; 'वेश्म' म्हणजे घर ते त्यातूनच, आणि ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर, लॅटिन 'विकुस' म्हणजे वस्ती, हे त्याचे दूरचे भाऊबंद. तेव्हा प्रवेश म्हणजे आत पाऊल टाकणे, आणि मग तिथलेच होऊन राहणेही. नाटकातही 'प्रवेश' आहे, आणि तिथे प्रवेश करते ते 'पात्र'. 'पा' म्हणजे पिणे, 'त्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय. ज्याने प्यायचे ते पात्र. भांड्यावरून 'ज्यात काही घालावे असा', त्यावरून दान घेण्यास योग्य माणूस. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश आणि काल यांच्या बरोबरीने पात्र येते ते याच अर्थाने. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या लांबलचक नावात 'पात्रता' आणि 'प्रवेश' पुन्हा शेजारी आले आहेत. मात्र गीतेतली पात्रता देणाऱ्याने पारखायची होती. आता ती घेणाऱ्याने सिद्ध करायची आहे.

सिद्ध करायची ती गुणांनी. 'गुण' म्हणजे मुळात दोरीचा धागा, पीळ. धनुष्याची दोरीही गुणच. एका पिळाचे दोन झाले की द्विगुण, तीन झाले की त्रिगुण, आणि त्यातूनच गुणाकार आला असावा. पुढे धाग्याचा स्वभावधर्म झाला. परीक्षेतल्या मार्कांना हिंदीने 'अंक' म्हटले, मराठीने 'गुण'. अंक तटस्थ आहे. गुणाला सद्गुणाचा वास आहे. त्यामुळे ज्याला गुण जास्त तो गुणी, आणि ज्याचे नाव गुणवत्ता यादीत नाही त्याच्यात काही उणे, असे भाषेच्या ओघातच आपण मानून बसतो. इंग्रजी 'मेरिट'चे मूळ लॅटिन 'मेरितुम', म्हणजे कमावलेले. त्यावरून 'मेरिटोक्रसी' हा शब्द मायकेल यंग यांनी 1958 साली पुस्तकातून रूढ केला तो इशारा म्हणून. गुणवंत ठरलेल्यांचाच एक नवा बंदिस्त वर्ग तयार होईल, ही त्यांची भीती होती. कमाईत वडिलोपार्जित भांडवल किती, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

इथे 'गुण'चा जुना अर्थ कामी येतो. दोर एका धाग्याचा नसतो. 600 गुणांच्या निकालपत्रात मुलीची मेहनत आहे, तसा शिकवणीचा पैसा आहे, घरातली पुस्तके आहेत, अभ्यासाला मिळालेली खोली आहे, तिच्या वाटचे पाणी दुसऱ्या कुणी भरले तेही आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात इतर मागासवर्गीयांना 27 टक्के जागा देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये वैध ठरवला, तेव्हा न्यायालयाने हेच आपल्या भाषेत मांडले: स्पर्धा परीक्षेतली कामगिरी म्हणजेच गुणवत्ता असे नाही, कारण काही वर्गांना मिळालेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक लाभ परीक्षेच्या आकड्यात दिसत नाहीत.

या लाभ-अलाभांना आपण 'पार्श्वभूमी' म्हणतो. हिंदीने 'पृष्ठभूमि' म्हणून पाठ धरली, मराठीने 'पार्श्व' म्हणून बगल. 'पर्शु' म्हणजे बरगडी, 'पार्श्व' म्हणजे बरगडीची बाजू. याच 'पार्श्व'चे प्राकृतातून घासून आलेले रूप म्हणजे हिंदी 'पास' आणि आपले 'पाशी', 'पासून'. पार्श्वभूमी आणि पासून एका मुळाचे असतील, तर अर्जदाराची पार्श्वभूमी विचारणे म्हणजे तो कुठपासून निघाला हे विचारणे. गुण कुठवर पोचला ते सांगतात. अंतर मोजायला दोन्ही टोके लागतात.

'मागास' हा शब्दही अंतराचाच. 'मार्ग'चे प्राकृत 'मग्ग', मराठी 'माग': पावलांचा ठसा. 'माग काढणे' त्यातले, आणि ठसे पाठीमागे राहतात म्हणून 'मागे', त्यावरून 'मागास'. मागास माणूस मार्गावरच आहे. पुढचे आधी निघाले, एवढेच हा शब्द सांगतो. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या हुकुमाने करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांच्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. कॉलेजप्रवेशातल्या राखीव जागांचा घटनात्मक आधार 1951 सालचा: मद्रासच्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी कॉलेजांतली जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केली, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 15 मध्ये चौथे कलम आले. 'राखीव' हे कोरीव, रेखीव, पाळीव यांच्या चालीचे विशेषण. राखणे हे 'रक्ष्'पासून.

याच '-ईव' प्रत्ययाचा एक कमी परिचित शब्द आहे, 'मानीव'. जातीच्या दाखल्यासाठी 'मानीव दिनांक' असतो, म्हणजे त्या दिवशी किंवा आधी घराणे महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा द्यायचा. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961. त्यांच्यासाठी जागा राखीव आहेत, विमुक्तांना 3 टक्के, भटक्या जमाती (ब) ला 2.5 टक्के; पण त्या जागेपर्यंत जायला आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर? 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली या जमातींची नावे दाखल होती ती पोलिसांच्या हजेरीपटावर. कायदा 1952 साली रद्द झाला तेव्हा 'विमुक्त' हे नाव मिळाले, शाळेचा पट मात्र अनेकांच्या वाट्याला आला नाही. गावच नसलेल्या पालावरच्या माणसाने 1961 च्या आधीचा गावनमुना आणायचा कुठून?

खोट्या दाखल्यांनी खऱ्यांच्या जागा गेल्या, म्हणून पडताळणी आली, आणि ती हवीच. पण दाखला या शब्दाच्या पोटातली अट इथे उघडी पडते. दाखला म्हणजे पूर्वी आत शिरल्याची खूण. ती मागितली की ज्यांचे पूर्वज आत होते त्यांना वाट मोकळी होते, आणि ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले त्यांनाच बाहेर असल्याचा कागद आणावा लागतो. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाला गृहचौकशीचा अधिकार आहे. कागद नसेल तिथे अर्ज खारीज न करता पथकाने आधी पालावर जावे, बोली ऐकावी, कुळी विचारावी, आणि पात्रता पारखण्याचे ओझे पुन्हा देणाऱ्याने उचलावे. तीन पिढ्यांत एकाही शाळेच्या वहीत नाव न सापडणे हाच त्या घराच्या मागासलेपणाचा सर्वांत भक्कम दाखला आहे, आणि तो तसा मान्य झाला पाहिजे.