कृमींची हजेरी

फराळाचे ताट पुढे असताना कृमींची गोष्ट काढल्याबद्दल वाचकांनी या मास्तरास क्षमा करावी. पण गोष्ट आपल्या कोकणालाही शिवून गेलेली आहे. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी शिस्टोसोम नावाच्या कृमीचा ठाव दाखवून दिला. त्याच्यामुळे लघवीतून रक्त जाते. गोगलगायीच्या पोटात वाढून हा पाण्यात उतरतो आणि पाण्यात पाय घालणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो.

आत शिरल्यावर तो जातो कोठे, आणि शरीर त्याला मारते कोठे? आफ्रिकेत व ब्राझीलमध्ये सापडणाऱ्या त्याच्या एका भाऊबंदावर शास्त्रज्ञांनी हा शोध चालविला. उंदराच्या शरीराचा भाग कापून, बारीक करून, कोमट द्रवात ठेवीत. जे कृमी वळवळत बाहेर येत ते मोजीत. न आलेले मेले असे धरण्याचा मोह होई.

यातली चूक मला चटकन कळली, कारण मीही ती केली आहे. तापाने बाकावर मान टाकलेले एक पोर 'हजर' म्हणाले नाही, म्हणून मी त्याला गैरहजर मांडले होते.

पुढे युक्ती निघाली ती खुणेची. गोगलगायींना किरणोत्सर्गी सेलेनियमयुक्त द्रव्य घातलेल्या पाण्यात ठेवावयाचे. त्यांच्या पोटातील कृमींच्या अंगात ते मुरते. मग असे कृमी उंदरात सोडावयाचे. पुढे उंदराचे अवयव चेपून, सुकवून क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवले, की कृमी असेल तेथे काळा ठिपका उमटतो. त्याने 'ओ' देण्याची गरजच उरत नाही!

१९८३ साली अमेरिकेत मँगोल्ड आणि डीन यांनी अशी हजेरी घेतली. पूर्वी लागण न झालेल्या उंदरांत कृमींचा मोठा नाश कातडीत होत नाही, ती ओलांडल्यावर होतो, असे त्यांना आढळले. लस शोधणाऱ्यास शत्रू कोणत्या खिंडीत पडतो हे कळणे केवढे मोलाचे!

मात्र त्या ठिपक्यांसाठी उंदीर मारावाच लागे. २०१० साली क्लीव्हलंडच्या संशोधकांनी जिवंत उंदरास किरणोत्सर्गी साखर टोचली. पोटातल्या मोठ्या कृमींनी ती खाल्ली आणि पेट यंत्राच्या चित्रात ते उजळले. जितके कृमी अधिक, तितका उजेड अधिक.

त्या पोराचे नाव मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केले. तेव्हापासून हाक मारल्यावर मी एकदा मान वर करून बाकांकडे पाहतो. गप्प आहे तो नाहीच, असे मांडण्याची घाई बरी नव्हे.