मेलेल्या शिरेवरचा टाका

दातिवऱ्याचा माझा मावसभाऊ बोईसरला एका कारखान्यात होता. एका रात्रपाळीत त्याची तर्जनी मशीनमध्ये गेली. सोबतच्या पोरांनी तुटलेलं बोट थेट बर्फात टाकलं आणि गाडी मुंबईला पळवली. डॉक्टरांनी बोट पाहून मान हलवली.

तेव्हापासून मी वाचतोय. बोटातली धमनी साधारण १ मिलिमीटरची. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने ती शिवायची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चुका करायला टेस्ट सर्व्हर असतो. सर्जन चुका कुठे करत असेल?

उत्तर खूप जुनं आहे. १९१५ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने सुश्रुतसंहिता छापली, संपादक यादवजी त्रिकमजी आचार्य. तिच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय फक्त सरावावर आहे. कापणं शिकायचं ते कोहळ्या-काकडीवर, शिवणं कापडावर आणि मऊ चामड्यावर. शीर टोचणं मात्र मेलेल्या जनावराच्या शिरेवर, नाहीतर कमळाच्या देठावर. शास्त्र कितीही पाठ असलं तरी सरावाशिवाय माणूस कामाला लायक होत नाही, असं हा ग्रंथ बजावतो.

पण टोचणं वेगळं आणि तुटलेली शीर जोडणं वेगळं. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लिऑं शहरात भोसकलं. मोठी शीर कापली गेली, ती शिवायची रीत कुणाकडे नव्हती, आणि ते गेले. त्याच शहरातला तरुण डॉक्टर अलेक्सिस कॅरेल एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे सुई धरायला शिकला. १९०२ मध्ये त्याने युक्ती मांडली: शिरेच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताणायचं, म्हणजे त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवणं सोपं जातं. १९१० मध्ये त्याने थंडीत जपून ठेवलेल्या धमन्यांवर निबंध लिहिला, १९१२ मध्ये नोबेल मिळालं. पुढे १९६० मध्ये अमेरिकेत जेकबसनने मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडल्या आणि १९६५ मध्ये जपानमधल्या नारा इथे पूर्ण तुटलेला अंगठा जोडला गेला.

आजचा शिकाऊ सर्जनही मेलेल्या शिरेपासूनच सुरुवात करतो. कोंबडीच्या तंगडीतली धमनी किंवा बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी वार, फ्रीझरमध्ये ठेवून हवी तेव्हा काढलेली. शिवून झालं की आतून पाणी सोडायचं, गळतंय का बघायचं. मग शीर उभी चिरायची. सुईने चुकून समोरची भिंतही पकडली असेल, तर ती चूक तिथे उघडी पडते. जिवंत माणसात हीच चूक रक्ताची वाट बंद करते.

मेलेली शीर एक गोष्ट मात्र शिकवू शकत नाही. तिच्यात रक्त वाहत नाही, त्यामुळे टाक्यापाशी ते गोठेल का, हे कळत नाही. ते पुढच्या पायरीवर, जिवंत शिरेतच कळतं.

आणि सर्जनचा हात कितीही तयार असला तरी त्याच्यापर्यंत बोट नीट पोचायला हवं. ओल्या, स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोटाला बर्फ थेट लागू द्यायचा नाही. त्या रात्री पाळीवर इतके जण होते. एवढं एकालाही कुणी शिकवलं नव्हतं.