वाट ठरते मोजदादीवर

हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतो. एके काळी या परिसरात निजामाचे हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांची सीमा होती. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. नाका म्हणजे ये-जा करणाऱ्या मालाची मोजदाद होण्याची जागा. संगणकाच्या डेटाबेसमध्येही मोजदादीला असेच महत्त्व आहे. ती हरवली की काय होते, हे आपण पाहू.

बँक असो की शिक्षण खाते, नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसची नवी आवृत्ती बसवल्यावर एक तक्रार वारंवार ऐकू येते. उत्तरे पूर्वीसारखीच बरोबर येतात, पण सेकंदात येणारी यादी आता मिनिटे घेते. मग कोणी मोठे यंत्र विकत घेण्याचे सुचवतो, तर कोणी जुन्या आवृत्तीकडे परतण्याचे. पहिल्यात पैसा जातो आणि दुसऱ्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या गमवाव्या लागतात. दोष मात्र अनेकदा तिसरीकडेच असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, जिल्ह्याच्या नोंदवहीत २,००,००० विद्यार्थ्यांची नावे आहेत आणि एका पानावर ५० याप्रमाणे तिची ४,००० पाने झाली आहेत. सोबत गावांची एक सूची आहे. कोणत्या गावची नावे कोणत्या पानांवर आहेत, हे तीत लिहिले आहे. कनेरगाव नाक्याचे विद्यार्थी शोधायचे आहेत. ते ३०० असतील तर सूची पाहून फार तर ३०० पाने उलटावी लागतील. पण ते २०,००० असतील, तर सूचीच्या मागे धावून तीच ती पाने पुन्हा पुन्हा उघडण्यापेक्षा सारी वही एकदा सलग वाचणे बरे. प्रश्न एकच, वाटा दोन. कोणती जवळची, हे आकड्यावर ठरते.

पूर्वी ही वाट प्रोग्रॅम लिहिणारा माणूस ठरवत असे. चार्ल्स बाखमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्याला नावाड्याची उपमा दिली होती. पण त्याआधीच, १९७० मध्ये, आयबीएममधील एडगर कॉड यांनी वेगळा विचार मांडला होता. माणसाने काय हवे एवढेच सांगावे, माहिती कुठे आणि कशी ठेवली आहे याची चिंता त्याने करू नये. मग वाट कोणी शोधायची? आयबीएमच्याच ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये याचे उत्तर दिले. यंत्राने प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च मोजावा आणि सर्वांत स्वस्त वाट निवडावी. हे काम करणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात.

हा हिशेब करायला किती ओळी, किती पाने, किती वेगवेगळी मूल्ये, ही सांख्यिकी लागते. ती नसेल तिथे सेलिंजर यांच्या पद्धतीत ठोकताळे होते. उदाहरणार्थ, दहापैकी एक ओळ जुळेल असे धरायचे. आपल्या उदाहरणाला हा ठोकताळा लावला, तर ३०० ऐवजी २०,००० विद्यार्थी अपेक्षित धरले जातील. यंत्र सूची बाजूला ठेवून ४,००० पाने वाचत बसेल. म्हणजे काम तेरा पटींहून अधिक वाढले, तरी यादी मात्र अचूकच!

आवृत्ती बदलताना नेमके असेच घडू शकते. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून जुना साठा जागच्या जागी नव्या आवृत्तीत नेणारे साधन मिळाले. ते नोंदी आणि सूची सुखरूप नेत असे, पण सांख्यिकी मागेच राही. स्थलांतरानंतर ती पुन्हा गोळा करा, अशी सूचना माहितीपुस्तिकेत असे. सांख्यिकीचा बहुतांश भाग सोबत नेण्याची सोय २०२५ मधील १८ व्या आवृत्तीत आली.

कधी मोजदाद जागेवर असते, पण हिशेबाची रीतच बदललेली असते. मायक्रोसॉफ्टने ‘एसक्यूएल सर्व्हर’च्या २०१४ च्या आवृत्तीत अंदाज बांधण्याची पद्धत नव्याने रचली. बहुतेक प्रश्नांना तिचा लाभ व्हावा हा हेतू होता, तरी काही प्रश्न मंदावतील हे ओळखून जुनी रीत चालू ठेवण्याची सोयही दिली. ‘ओरॅकल’ने २००७ च्या ११ व्या आवृत्तीत अनुभवाने चांगली ठरलेली वाट जपून ठेवण्याची व्यवस्था केली.

यावरून दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. आवृत्ती बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या प्रश्नांच्या वाटा आणि त्यांना लागणारा वेळ नोंदवून ठेवावा. बदलानंतर प्रथम सांख्यिकी नव्याने गोळा करावी. तरीही मंदपणा राहिला, तर यंत्राने निवडलेली वाट मागवून अपेक्षित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी शेजारी मांडाव्यात. जिथे दोहोंत मोठी तफावत दिसेल, तिथे आधी शोध घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो.

वर्गातही हे पडताळता येईल. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधील गावांची सूची मुलांकडून करून घ्यावी. मग एकदा तुरळक नावे असलेले गाव आणि एकदा शाळेचेच गाव शोधायला सांगावे. दोन्ही वेळा एका गटाने सूची वापरावी, दुसऱ्याने रजिस्टर सलग वाचावे. कोणता गट कधी जिंकतो, हे घड्याळच सांगेल.