टोपोशीटवरची काळी रेषा

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं गाव. या टापूतल्या पाण्याचा इतिहास लिहायचा ठरवलात, की हात आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटकडे जातो. नकाशे मागवतानाच एक गंमत कळते. सेनगाव ५६ ए मध्ये, तर हिंगोली शहर ५६ ई मध्ये, कारण मधून ७७ अंश पूर्व रेखावृत्त जातं. कयाधू दोन्हींतून वाहते, त्यामुळे खोरं बघायचं तर पत्रकं शेजारी शेजारी जोडावी लागतात.

जुन्या इंची नकाशावर, म्हणजे १:६३,३६० प्रमाणात, ओढ्याचं कोरडं पात्र काळ्या रेषेनं आणि पाणी निळ्या रंगात दाखवलेलं असतं. काळी रेषा दिसली की आपण सरळ लिहून टाकतो, "हा ओढा तेव्हाही कोरडाच होता." जरा थांबा. मोजणीवाले गावोगाव फिरायचे ते पाऊस संपल्यावर, हिवाळ्या-उन्हाळ्यात. त्या महिन्यांत मराठवाड्यातले किती ओढे वाहतात? म्हणून काळ्या रेषेचा पुरावा कच्चा. उलट, त्याच हंगामात निळी पट्टी काढली असेल, तर पाणी टिकत होतं असं म्हणायला बराच आधार मिळतो. माझ्या मते प्रबंधात ही निळी पट्टीच जास्त कामाची.

पत्रकाच्या समासात मोजणीचं आणि छपाईचं साल वेगवेगळं दिलेलं असतं. तुमच्या कामाचं मोजणीचं. ते पर्जन्याच्या नोंदींशी ताडून बघा. १९७२च्या दुष्काळासारखं वर्ष निघालं, तर अख्खा नकाशा वेगळा वाचावा लागेल. विहिरींच्या खुणाही बघा, बांधीव आणि कच्च्या विहिरींना चिन्हं वेगळी आहेत. विहीर कुणाची, पाणी कोण भरू शकत होतं, हे मात्र नकाशा सांगत नाही.

त्यासाठी कागद शोधायचे, आणि तिथं पैनगंगा आडवी येते. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर तिचा उत्तर काठ तिकडे आणि हिंगोलीचा दक्षिण काठ निजामाकडे, थेट १९४८पर्यंत. उत्तरेचं दप्तर इंग्रजी-मराठीत, दक्षिणेचं बरंचसं उर्दूत. उर्दू येत नसेल तर आत्ताच शिकायला लागा, नाहीतर अर्ध्या खोऱ्याचाच इतिहास लिहाल.

१:५०,००० प्रमाणाच्या नव्या पत्रकावर इसापूर धरणाचा पसरट निळा जलाशय दिसतो. जुन्या पत्रकावर त्याच जागी नदीची चिंचोळी वाट आहे. जलाशयाची कड ट्रेसिंग कागदावर उतरवून जुन्या पत्रकावर ठेवा आणि आत जी जी नावं येतील ती टिपून घ्या.